क्लब, विद्यापीठ आणि शेजारची शाळा

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात आणि त्याच्या आसपास २०१५ पासून ‘टॅकलिंग द ब्लूज’ नावाचा एक उपक्रम चालतो. ६ ते १६ वर्षांच्या मुलांशी मनाच्या आरोग्याबद्दल बोलायचं, तेही भाषण न ठोकता, खेळातून आणि छोट्या गटातल्या गप्पांमधून. मुलांपर्यंत जातात ते एज हिल विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांच्या जोडीला असते एव्हर्टन या व्यावसायिक फुटबॉल क्लबची धर्मादाय संस्था, ‘एव्हर्टन इन द कम्युनिटी’.

म्हणजे एक विद्यापीठ, एक व्यावसायिक क्लब आणि शाळकरी मुलं असा हा तिघांचा व्यवहार आहे. विद्यार्थ्याला शिकायला मिळतं, मुलांना सोबत मिळते आणि क्लबचं आपल्या शहराशी असलेलं नातं घट्ट होतं. असे उपक्रम ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात बरेच आहेत. इंग्रजीत त्याला ‘कम्युनिटी सर्व्हिस लर्निंग’ म्हणतात, आपण सेवा-अध्ययन म्हणू. मात्र नुसतं वर्णन वाचून एक गोष्ट निसटते. क्लबची प्रसिद्धी हीच या भागीदारीतली मोठी भर, असं आपण धरून चालतो. मला तसं वाटत नाही. क्लब वर्षानुवर्षं त्याच जागी असतो, ही त्याची खरी भर आहे. ते समजण्यासाठी आधी सेवा-अध्ययन म्हणजे काय, ते पाहू.

सेवा आणि अभ्यास एकाच कामात

आपल्याकडे एनएसएस बहुतेकांना माहीत आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर, हा तिचा साचा. शिबिरात बंधारा बांधताना, सर्वेक्षणासाठी घरोघर फिरताना मुलं खूप काही शिकतात, यात शंकाच नाही. पण ती कॉलेजात परततात तेव्हा त्यांच्या समाजशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या पेपरला त्या बंधाऱ्याचा पत्ताही नसतो. सेवा एकीकडे, अभ्यासक्रम दुसरीकडे.

इंटर्नशिपमध्ये नेमकं उलटं होतं. तिथे विद्यार्थ्याचं शिकणं आणि पुढची नोकरी हा हेतू असतो. ज्या संस्थेत तो जातो तिथल्या लोकांचं काही भलं झालं तर उत्तम, पण ती अट नसते.

सेवा-अध्ययन या दोहोंच्या मधोमध बसतं. काम खऱ्या गरजेचं हवं, आणि तेच काम अभ्यासक्रमाचा भागही हवं. अँड्र्यू फुर्को या अभ्यासकाने १९९६ मध्ये हा फरक स्पष्ट केला. स्वयंसेवेत लाभाचं पारडं घेणाऱ्याकडे झुकतं, इंटर्नशिपमध्ये विद्यार्थ्याकडे, आणि सेवा-अध्ययनात ते दोन्हीकडे सारखं राहावं लागतं. ‘सर्व्हिस लर्निंग’ हे नाव त्याआधीचं, १९६६-६७ च्या सुमाराचं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांमध्ये रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅम्से विद्यार्थ्यांना सामाजिक कामांशी जोडत होते, तेव्हा ते रुळलं. करता करता शिकण्याचा विचार तर त्याहून जुना. तिकडे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई अनुभवातून शिक्षणाची मांडणी करत होते, आणि इकडे १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम मांडली.

सिग्मन यांनी १९७९ मध्ये तीन तत्त्वं लिहिली. या विषयातली सगळी खटपट मला तिथे येऊन ठेपलेली दिसते. पहिलं तत्त्व म्हणजे, जी सेवा दिली जाते तिच्यावर ताबा ती घेणाऱ्यांचा असावा. दुसरं, त्या सेवेमुळे ते स्वतःच्या बळावर काही करायला अधिक समर्थ व्हावेत. तिसरं, सेवा देणारेही शिकणारेच आहेत, आणि आपण काय शिकायचं हे ठरवण्यात त्यांचाही मोठा वाटा असावा. पहिलं तत्त्व वाचायला सोपं आहे. पण विद्यापीठ आणि फुटबॉल क्लब अशी दोन बलाढ्य नावं एका टेबलाशी बसली की शेजारच्या शाळेतल्या बाईंचं म्हणणं ऐकायची आठवण कुणाला राहत नाही.

मग विद्यार्थी शिकतो कसा? मुलांबरोबर तास-दोन तास घालवले की आपोआप शिक्षण होतं, असं नाही. अनुभवावर बसून विचार करावा लागतो. इंग्रजीत याला ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात, आपण मनन म्हणू. त्याची एक साधी पद्धत जगभर वापरतात, तीन प्रश्नांची: काय घडलं, त्याचा अर्थ काय, आता पुढे काय?

एक कल्पनेतलं उदाहरण घेऊ. क्रीडाशास्त्र शिकणारी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी दर मंगळवारी एका शाळेत जाते. पहिल्या आठवड्यानंतर ती वहीत लिहिते, “मुलं खूप गोड होती, मजा आली.” हे मनन नव्हे, शिक्षिका वही परत करते. तिसऱ्या आठवड्यात ती लिहिते की नऊ वर्षांचा एक मुलगा नेहमी गोलकीपर व्हायला धावतो. सगळे वर्तुळ करून बसले आणि “आज कसं वाटतंय?” असं विचारलं की तो खाली मान घालतो. पण खेळ संपल्यावर मैदानातले प्लास्टिकचे कोन गोळा करायला तो तिच्याबरोबर थांबतो, आणि तेव्हा भडाभडा बोलतो. बाबा दुसऱ्या गावी राहायला गेलेत, हे त्याने कोन एकात एक बसवताना सांगितलं. काय घडलं, हे तिला नीट दिसलं आहे.

आता त्याचा अर्थ काय? सुरुवातीला तिला वाटलं होतं, मुलगा लाजाळू आहे. वर्गात मुलांशी संवादाविषयी जे शिकवलं होतं, ते ती पुन्हा काढून वाचते. समोरासमोर, डोळ्यांत बघून विचारलेला प्रश्न काही मुलांना तपासणीसारखा वाटतो, आणि हात कामात असले की जीभ सुटते, हे तिच्या लक्षात येतं. अडचण त्या मुलात नव्हती, तिच्या वर्तुळात बसवण्याच्या पद्धतीत होती. पुढे काय? चौथ्या आठवड्यापासून ती गप्पांचा भाग सामान आवरण्याच्या वेळेत नेते आणि जोड्या करते. आणि मुलाने घरचं जे सांगितलं ते शाळेच्या जबाबदार शिक्षकांपर्यंत पोचवते, कारण तसा नियम तिला प्रशिक्षणात शिकवलेला आहे. परीक्षेत गुण मिळतात ते या तीन टप्प्यांना. ती किती तास गेली, याला नाही. तासांना गुण दिले की विद्यार्थी तास भरतात.

मग यात क्लब कशाला?

प्रश्न रास्त आहे. एज हिल हे मुळात शिक्षिका घडवणारं महाविद्यालय. १८८५ मध्ये लिव्हरपूलच्या एज हिल भागात स्त्रियांसाठी सुरू झालेलं, पुढे १९३३ मध्ये ऑर्म्सकर्क या गावी हललेलं आणि २००६ मध्ये विद्यापीठ झालेलं. शाळांशी त्याचं नातं सव्वाशे वर्षांहून जुनं. विद्यार्थी थेट शाळेत पाठवता आले असतेच की.

उत्तराचा एक भाग स्कॉटलंडमध्ये सापडतो. तिथला उपक्रम विद्यार्थ्यांच्या सेवा-अध्ययनाचा नाही, पण विद्यापीठ आणि व्यावसायिक क्लब एकत्र आल्यावर क्लबच्या नावाने नेमकं काय होतं, हे तिथे काटेकोर मोजलं गेलं. ‘फुटबॉल फॅन्स इन ट्रेनिंग’ हे त्याचं नाव. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटिश फुटबॉलच्या लोकांबरोबर तो बांधला. अडचण अशी होती की ३५ ते ६५ वयाचे, पोट सुटलेले पुरुष वजन कमी करायच्या वर्गांना फिरकतच नव्हते. ते बायकांचं काम, अशी त्यांची समजूत. मग वर्ग भरवला क्लबच्या स्टेडियममध्ये. १२ आठवडे, आठवड्यातून एकदा ९० मिनिटं. शिकवणारे क्लबचेच प्रशिक्षक. कमरेला पावलं मोजणारं यंत्र लावून चालायचं, खाण्यापिण्याबद्दल बोलायचं, बिअरमधून पोटात किती जातं तेही मोजायचं. ज्या मैदानाकडे आयुष्यभर स्टँडमधून पाहिलं, त्याच्या कडेने धापा टाकत फेऱ्या मारायच्या आणि शेजारचा आपल्याच रंगाचा चाहता आपल्याइतकाच घामाघूम झालेला बघायचा. चेष्टामस्करी मुबलक, उपदेश बेताचा.

१३ व्यावसायिक क्लबांमध्ये ७४७ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. एकाला उपक्रम लगेच मिळाला, दुसऱ्याला वर्षभर थांबायला सांगितलं. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.५६ किलोने उतरलं होतं, थांबलेल्यांचं ०.५८ किलोने. साडेतीन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही पहिल्या गटातले पुरुष सुरुवातीच्या वजनापेक्षा सरासरी जवळपास तीन किलोने कमी होते. वजन घटवण्याच्या उपक्रमांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की हे आकडे साधे नाहीत. वर्षानंतरच्या मोजणीला पहिल्या गटातले ८९ टक्के पुरुष हजर होते, हे मला वजनाच्या आकड्याइतकंच मोलाचं वाटतं. एरवी ज्यांना दारात आणणंही कठीण, ते टिकले.

म्हणजे क्लबचं नाव माणसांना दारापर्यंत आणतं, हे खरं. पण ती पुढे टिकतात ती त्या नावामागे ओळखीची जागा, ओळखीची माणसं आणि जुना लळा असतो म्हणून. एखाद्या सिनेनटाचं नाव लावून हे जमेल असं मला वाटत नाही.

ब्रिटिश क्लबांकडे हा लळा कुठून आला? बरेचसे क्लब जन्मले तेच वस्तीच्या पोटातून. एव्हर्टनची सुरुवात १८७८ मध्ये सेंट डोमिंगो या चर्चच्या मुलांच्या संघातून झाली. ग्लासगोचा सेल्टिक तर १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूने शहराच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे राहावेत म्हणून काढला. पुढे पैसा आला, अंतर पडलं. १९८० च्या दशकात हुल्लडबाजीने इंग्लिश फुटबॉलची रया गेली. १९८५ च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डच्या स्टेडियमला आग लागून ५६ माणसं गेली, आणि त्याच महिन्यात ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये हुल्लडबाजीत ३९. वस्तीने क्लबांकडे पाठ फिरवायला सुरुवात केली होती. १९८६ मध्ये खेळाडूंची संघटना आणि फुटबॉल लीग यांनी मिळून ‘फुटबॉल इन द कम्युनिटी’ ही योजना वायव्य इंग्लंडमधल्या मोजक्या क्लबांपासून सुरू केली. एव्हर्टनचं सामाजिक काम १९८८ पासूनचं.

आज जवळपास प्रत्येक मोठ्या इंग्लिश क्लबची स्वतंत्र धर्मादाय संस्था असते. तिचे विश्वस्त वेगळे, हिशेब वेगळे, आणि विद्यापीठ करार करतं तो सहसा तिच्याशीच. हा तपशील कोरडा वाटेल, पण तो फार कामाचा आहे. क्लब हरला, मालक बदलला, प्रशिक्षकाला हाकललं, तरी मंगळवारचा शाळेतला तास चुकता कामा नये. २०२३-२४ च्या हंगामात आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे दोन खेपांत मिळून ८ गुण कापले गेले. अशा वर्षी हिशेब वेगळे असण्याचं मोल कळतं.

रोजचं काम कसं चालतं

करारात कोण काय करणार ते लिहिलेलं असतं. विद्यापीठ विद्यार्थी निवडतं, शिकवतं, मनन तपासतं. क्लबची संस्था शाळांशी बोलते, जागा देते, अनुभवी माणूस सोबत ठेवते. शाळा मुलं आणि वेळ देते, आणि काय हवं ते सांगते. इंग्लंडमध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पूर्वीच्या गुन्ह्यांची सरकारी तपासणी होते, विद्यार्थीही त्यातून सुटत नाहीत. ती होऊन कागद हाती येईपर्यंत वेळ जातो. सत्र पंधरा आठवड्यांचं आणि त्यातले दोन-तीन कागदपत्रांतच संपले, असं व्हायचं नसेल तर तयारी आधीच्या सत्रात करावी लागते.

विद्यार्थ्याने काय करायचं नाही, हे आधी शिकवतात. तो समुपदेशक नाही. मुलाने काही गंभीर सांगितलं तर गुप्त ठेवण्याचं वचन द्यायचं नाही. ठरलेल्या व्यक्तीपर्यंत त्याच दिवशी पोचवायचं. सल्ले वाटायचे नाहीत. त्याचं काम मधलं आहे. मुलांना भावनांसाठी शब्द मिळावेत, मदत मागणं ही कमजोरी नव्हे हे त्यांच्या मनात रुजावं, आणि शिक्षकापेक्षा लहान पण मित्रापेक्षा मोठा असा कुणीतरी ऐकणारा असावा. गरज किती आहे ते सांगायला एकच आकडा पुरे: इंग्लंडच्या सरकारी पाहणीत मानसिक आजाराची शक्यता दिसणाऱ्या शाळकरी मुलांचं प्रमाण २०१७ मध्ये नवात एक होतं, २०२० मध्ये सहात एक.

तीन वेळापत्रकं

आता या व्यवस्थेच्या सर्वांत अवघड जागेकडे येतो. विद्यापीठाचं वेळापत्रक सत्राचं असतं. क्लबचं हंगामाचं, ऑगस्ट ते मे. मुलाचं वेळापत्रक बालपणाचं. ही तीन एकमेकांत बसत नाहीत.

विद्यार्थी सप्टेंबरात येतो. ओळख व्हायला महिना जातो. डिसेंबरात मूल बोलायला लागतं आणि जानेवारीत विद्यार्थी परीक्षेला बसतो. त्याचे गुण जमा झाले, त्याच्यापुरता विषय संपला. बाबा घर सोडून गेलेल्या मुलाच्या आयुष्यातून आणखी एक मोठं माणूस न सांगता नाहीसं झालं. हे नुकसान कुठल्याच अहवालात दिसत नाही. कारण अहवाल विद्यार्थी काय शिकला ते विचारतो, आणि तो तर भरपूर शिकलेला असतो.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन शहरात रँडी स्टोएकर, एलिझाबेथ ट्रायन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ६७ छोट्या-मध्यम सामाजिक संस्थांच्या लोकांना विचारलं की विद्यापीठाची मुलं तुमच्याकडे येतात, तुम्हाला काय वाटतं? २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. संस्थांनी सौम्य शब्दांत पण स्पष्ट सांगितलं: थोड्या तासांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला शिकवण्यात आमचा जितका वेळ जातो तितकं काम तो परत देत नाही. प्राध्यापक एकदा फोन करतात, मग दिसत नाहीत. तरी आम्ही हो म्हणतो, कारण मुलं शिकली पाहिजेत असं आम्हालाही वाटतं. म्हणजे सेवा कोण कुणाची करत होतं? बऱ्याचदा गरीब संस्था श्रीमंत विद्यापीठाची करत होती.

क्लबचं त्याच जागी असणं उपयोगी पडतं ते इथे. विद्यार्थी बदलतात, पण क्लबच्या संस्थेतला समन्वयक पाच-सात वर्षं तोच असू शकतो. त्याला त्या शाळेतली मुलं नावाने माहीत असतात. नवा विद्यार्थी येतो तो कोऱ्या पाटीवर येत नाही, त्या माणसाच्या ओळखीवर येतो. प्राथमिक शाळेत भेटलेलं मूल पुढे क्लबच्या सुट्टीतल्या शिबिरात दिसतं, मग तरुणांच्या एखाद्या उपक्रमात. विद्यापीठाला हे एकट्याने जमत नाही, त्याच्या रचनेतच दर सत्राला माणसं बदलतात. म्हणून चांगल्या भागीदाऱ्या विद्यार्थ्याला एका सत्राऐवजी पूर्ण वर्ष गुंतवतात, जुन्या विद्यार्थ्याकडून नव्याला मुलांशी ओळख करून देतात, आणि निरोपाचा तास मुद्दाम आखतात. शेवटच्या दिवशी काय करायचं ते पहिल्या दिवशी ठरलेलं असावं, एवढी एक गोष्ट जरी पाळली तरी फरक पडतो.

क्लबच्या बाजूची अडचण वेगळी. सामाजिक काम हे जाहिरातीचं उत्तम साधन आहे, आणि क्लबच्या प्रसिद्धी विभागाला ते माहीत असतं. प्रसिद्ध खेळाडू अर्धा तास येतो, मुलांबरोबर फोटो निघतात, तो जातो. मुलांना आनंद होतो, तो खराच असतो, त्याला नाकं मुरडू नयेत. पण ती भेट म्हणजे काम नव्हे. त्याहून बोचणारा प्रश्न जर्सीवरच्या नावाचा. एव्हर्टनच्या छातीवर २०१७ ते २०२० स्पोर्टपेसा आणि २०२२ पासून स्टेक या सट्टा खेळवणाऱ्या कंपन्यांची नावं झळकली. त्याच क्लबची धर्मादाय संस्था मनाच्या आरोग्यावर मनापासून काम करते. जुगाराचं व्यसन माणसाच्या मनाचं आणि घराचं काय करतं हे त्या संस्थेतल्या लोकांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक असणार. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वांत वरच्या फुटबॉल स्पर्धेतल्या क्लबांनी २०२३ मध्ये ठरवलं की २०२५-२६ च्या हंगामाअखेर सामन्याच्या जर्सीच्या छातीवरून जुगाराच्या जाहिराती काढायच्या. बाहीवर मात्र त्या चालतील. अशा विसंगतीवर विद्यार्थ्यांनी वर्गात उघड चर्चा केली पाहिजे. सेवा-अध्ययनात आपण कुणाच्या पैशाने कुणाची सेवा करतो हा प्रश्नही अभ्यासक्रमातच येतो. तो टाळणारा प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्याला अर्धंच शिकवतो, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे काय जमू शकेल

महाराष्ट्रात हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समुदायाशी जोडलेले, श्रेयांक (क्रेडिट) देणारे अभ्यासक्रम सुचवले आहेत. राज्याने २०२३ मध्ये ठरवलेल्या पदवीच्या आराखड्यात इंटर्नशिप आणि क्षेत्रीय प्रकल्पाबरोबर समुदाय सहभाग प्रकल्पही आला. म्हणजे एनएसएसमध्ये जे अभ्यासक्रमाबाहेर होतं त्यासाठी आता अभ्यासक्रमाच्या आत जागा झाली आहे. ती जागा सर्वेक्षणाचे फॉर्म भरून आणि झाडं लावतानाचे फोटो चिकटवून भरायची की खऱ्या कामाने, हे कॉलेजांच्या हातात आहे.

व्यावसायिक संघही आपल्याकडे आहेत: पुणेरी पलटण, यू मुंबा, मुंबई सिटी, मुंबई इंडियन्स, गोव्यात एफसी गोवा. त्यांतल्या काहींचं मुलांसाठी कामही आहे. एफसी गोवाशी जोडलेलं फोर्सा गोवा फाउंडेशन तळातल्या फुटबॉलवर काम करतं. पण आपले बहुतेक संघ फ्रँचायझी आहेत, आणि फ्रँचायझी उठून जाऊ शकते. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. पुण्यातल्या एखाद्या शाळेने त्या संघाच्या भरवशावर पाच वर्षांचा उपक्रम आखला असता तर तिचं काय झालं असतं? म्हणून इथल्या कॉलेजाने फ्रँचायझीशी हात मिळवताना करार नीट वाचावा. संघ गेला तरी समन्वयकाचा पगार कोण देणार, हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारावा.

वस्तीत रुजलेले, पिढ्यान्‌पिढ्या हलले नाहीत असे संघ महाराष्ट्रात शोधायचे तर मला कोल्हापूर दिसतं. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. हे संघ एव्हर्टनच्या अर्थाने व्यावसायिक नाहीत. पण पेठेतल्या पोराला आपला संघ कुठला हे निवडावं लागत नाही, ते घरातूनच येतं. शाहू स्टेडियममध्ये सामना असला की पेठा रिकाम्या होतात. स्कॉटलंडमधल्या त्या जाड्या चाहत्यांना स्टेडियममध्ये खेचून आणणारा जो लळा होता, तो इथे आयता आहे. आणि १९८६ मध्ये इंग्लिश क्लबांना वस्तीकडे वळायला ज्या दुखण्याने भाग पाडलं तेही इथे आहे: समर्थकांतली हुल्लडबाजी दर थोड्या दिवसांनी बातम्यांत येते.

नागपूरचं उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला, त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं आणि २०१६ मध्ये त्याला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. तिथे कॉलेज ही संस्था म्हणून नव्हती, एक प्राध्यापक होता. तेच काम एखाद्या विभागाने अभ्यासक्रमात बांधून केलं तर ते एका माणसाच्या जिद्दीवर अवलंबून राहणार नाही.

समजा कोल्हापुरात एखाद्या कॉलेजच्या मानसशास्त्र किंवा शारीरिक शिक्षण विभागाला हे करायचं आहे. तर पहिल्या वर्षी एक तालीम, एक महापालिकेची शाळा आणि दहा-बारा विद्यार्थी एवढं पुरे. तालमीकडून एखादा जुना खेळाडू समन्वयक म्हणून हवा. मुलं ज्याला ‘दादा’ म्हणतात आणि जो पुढच्या वर्षीही तिथेच असेल, असा. कॉलेजने त्याला मानधन द्यावं, ‘सेवा’ म्हणून त्याच्याकडून फुकट राबवून घेऊ नये. विद्यार्थ्यांनी पहिले दोन आठवडे काहीही न शिकवता नुसतं मैदानाच्या कडेला उभं राहून पाहावं. आणि विषय काय घ्यायचा, हे कॉलेजने ठरवून येऊ नये. मुख्याध्यापिकेला मुलांची गैरहजेरी सतावत असेल, तालमीला सामन्यानंतरची हाणामारी नकोशी झाली असेल, आयांना मुलाच्या हातातला मोबाइल. पहिल्या बैठकीत या तिघांना आधी बोलू द्यावं, प्राध्यापकांनी लिहून घ्यावं, आणि अभ्यासक्रमाची रूपरेषा त्या कागदावरून करावी.